दुरून दुरुस्ती

माझा बाण तिच्या पडद्यावर सरकतो तेव्हा
ती दर वेळी म्हणते, "अगं बाई, आपोआप!"
आपोआप नाही, एदेल्मिराबाई. मी आहे.
मेदेयीनमध्ये, सहाव्या मजल्यावर,
निवलेल्या कॉफीशेजारी.
तुम्ही केम्चीत, चिलोए बेटावर.
मधे दोन देश, एक वाळवंट.

"दहा मिनिटांत मरतं," ती सांगते,
"शेजारचा पोरगा म्हणतो, व्हायरस."
मी झाडलोट करते. जुन्या फायली,
न विचारता घरात शिरलेले तीन टूलबार.
पाहुण्याने इकडेतिकडे बघू नये,
हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात,
पण बघणं हेच तर माझं काम.
बटाट्याच्या जातींची यादी. पेन्शनची पावती.
दात पडलेली नात.
आणि कोपऱ्यात एक फोल्डर: "बेलार्मिनोला".
उघडलं नाही मी.
बाण वर थांबला की आकडा दिसतो,
तो मात्र आपोआप.

मग यंत्र मेलं. बाण गेला.
फोनवर ती होतीच, मागे चुलीतली लाकडं तडतडत.
"पुन्हा सुरू करा, आणि फोन मागे धरा,
गरम वारा येतो तिथे."
मी डोळे मिटले.
आमच्या शिफ्टमध्ये असं कुणी करत नाही.
पंखा फिरत नव्हता, दळत होता,
जात्यात खडा आल्यासारखा.
"समुद्र किती लांब?"
"भरतीला? पायरीशी."
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे;
इथे मीठच पंखा खात बसलं होतं
आणि माझ्याकडे साधा स्क्रूड्रायव्हरही नाही.

"हे हाताचं काम आहे, बाई. जवळ दुकान?"
बराच वेळ नुसती चूल.
"आहे. उतारावर, जाळी विणतात त्याच्या पलीकडे.
आधी बोटींची इंजिनं करायचा,
आता हेही करतो, रेडिओ, कुणाचं श्रवणयंत्र.
हात चांगला आहे. आईचा हात आलाय त्याला.
बेलार्मिनो."

पुढचं मी विचारलं नाही.
बिल भरता भरता तीच म्हणाली:
आईचं बटाट्याचं वावर. सोळा वर्षं.
गावात रस्ता एकच,
ती त्याच्या दुसऱ्या कडेने चालते.

मला वाटायचं, लोक आम्हाला निवडतात
बोट चुकते म्हणून, गुडघे दुखतात म्हणून.
मला तरी कळायला हवं होतं.
माझा फोन बुडाला तेव्हा मीही
खालच्या गल्लीतल्या उइल्मारकडे गेले नाही.
तो स्वस्तात करतो, नीट करतो,
आणि बहिणीचं लग्न का मोडलं
ते त्याला माहीत आहे.

"एक फोल्डर आहे," मी म्हटलं. "हलवू का?
यंत्र उघडलं तरी कुणाला दिसणार नाही."
"तू पाहिलंस?"
"नाव फक्त. आणि आकडा."
"किती?"
"त्रेचाळीस."
"चव्वेचाळीस हवीत," ती म्हणाली,
शिक्षिकेच्या आवाजात,
जणू एक वही मीच हरवली.
कोंबडा आरवला, भलत्याच वेळी.
मग: "राहू दे तिथंच.
पासवर्ड कागदावर लिहून देते त्याला."

फॉर्मवर विचारतात: अडचण सुटली? हो. नाही.
मी "नाही"वर खूण केली.
त्याचे गुण कापतात.

गुरुवारी माझ्या यादीत
केम्चीचा ठिपका हिरवा झाला.
मदत मागितली नव्हती कुणी.
दहा मिनिटं झाली. वीस.
चाळिसाव्या मिनिटालाही हिरवाच.
शिफ्ट संपली, खाली बस उभी होती.
मी बाण हलवला नाही.